हनुमंताचा सीताशोध: कथेकरी, कीर्तनकार आणि वाचकांचे नेहमीचे प्रश्न

वाल्मीकी रामायणातल्या सीतेच्या शोधातून बहुतेकांच्या लक्षात राहतं ते समुद्रावरचं उड्डाण आणि लंकादहन. कथेचा खरा कस मात्र ओळख पटण्यात आहे. समोर बसलेली स्त्री सीताच आहे हे हनुमंताला कशावरून कळलं? हे वानर रामाचंच दूत आहे हे सीतेला कशावरून पटलं? आणि हा खरोखर तिला भेटून आला हे रामाला कशावरून समजलं? खालची उत्तरं याच अंगाने लिहिली आहेत. सर्गांचे आकडे प्रचलित दाक्षिणात्य पाठाचे आहेत. बडोद्याच्या चिकित्सक आवृत्तीत ते थोडे पुढेमागे होतात, तेव्हा संदर्भ देताना आवृत्ती आधी सांगावी.

शोधाची कथा नेमकी कुठून कुठपर्यंत धरायची?

किष्किंधाकांडाच्या ४०व्या सर्गापासून सुंदरकांडाच्या शेवटापर्यंत. किष्किंधाकांडाचे ६७ सर्ग आहेत आणि सुंदरकांडाचे ६८, म्हणजे एकूण शोध सुमारे ९५ सर्गांचा होतो. अनेकजण सुंदरकांडापासून, थेट उड्डाणापासून सुरुवात करतात. त्यात तोटा असा की हनुमंत निघाला तेव्हा त्याच्या पाठीमागे किती अपयश साठलेलं होतं हे ऐकणाऱ्याला कळतच नाही. वेळ कमी असेल तर निदान ४४व्या सर्गापासून, म्हणजे राम हनुमंताच्या हाती अंगठी देतो तिथून सुरू करा.

चार दिशांना कोण कोण गेलं?

पूर्वेला विनत, पश्चिमेला वालीच्या पत्नीचा, तारेचा बाप सुषेण, उत्तरेला शतबली. दक्षिणेच्या तुकडीत अंगद, हनुमंत, जांबवान, नील अशी निवडक मंडळी होती. मुदत प्रत्येकाला एक महिन्याची, आणि महिना उलटून परतणाऱ्याला देहदंड. रावण सीतेला दक्षिणेकडे घेऊन गेला याचा अंदाज होता, म्हणून खरा भरवसा या तुकडीवर. अंगठीही फक्त हनुमंताला मिळाली.

सुग्रीवाला पृथ्वीचा एवढा भूगोल कसा ठाऊक?

हा प्रश्न रामानेच विचारला आहे (किष्किंधाकांड, सर्ग ४६). वाली मागे लागला तेव्हा जीव वाचवायला सुग्रीव चारी दिशांना पळाला, त्या पळापळीत त्याने सगळा मुलूख पाहिला. ४० ते ४३ या सर्गांमधल्या नद्या, डोंगर आणि देशांच्या लांबलचक याद्या कंटाळवाण्या वाटतात आणि कथेकरी त्या सरसकट गाळतात. याद्या गाळल्या तरी हे एक उत्तर गाळू नका. पळपुटेपणातून मिळालेलं ज्ञान पुढे शोधाच्या कामी येतं आणि समुद्रावर त्यातलाच एक तपशील हनुमंताचा जीव वाचवतो (खाली सिंहिकेबद्दल पाहा).

दक्षिणेची तुकडी मुदत का चुकली?

विंध्याच्या दऱ्याखोऱ्यांत शोधता शोधता वानर तहानेने व्याकूळ झाले. एका बिळातून हंस, चक्रवाक असे पाणपक्षी ओल्या पंखांनी बाहेर पडताना दिसले. हनुमंताने अनुमान काढलं की आत पाणी असणार. एकमेकांचे हात धरून सगळे अंधारात शिरले. ते ऋक्षबिल. आत मयासुराने रचलेलं सोन्याच्या झाडांचं वन, आणि त्याची राखण करणारी तपस्विनी स्वयंप्रभा. तिने खायला-प्यायला दिलं, डोळे मिटायला सांगितलं आणि बाहेर आणून सोडलं. तोवर महिना सरलेला होता.

इथून पुढे जे घडतं ते सांगायची फार कमी लोक हिंमत करतात. तार नावाचा वानर म्हणतो, परत जाऊन मरण्यापेक्षा याच बिळात राहू. अंगदाला ते पटतं, कारण सुग्रीवावर त्याचा विश्वास नाही. तुकडी फुटायच्या बेतात येते. हनुमंत बाकीच्या वानरांना अंगदापासून अलग करतो आणि मग अंगदाला समजावतो: बायकामुलं मागे ठेवून आलेले हे वानर तुझ्याजवळ फार दिवस टिकणार नाहीत आणि लक्ष्मणाचे बाण या बिळाचा पानाच्या द्रोणासारखा चुरा करतील. अंगद ऐकत नाही. सगळे समुद्रकाठी दर्भ अंथरून प्राण सोडायला बसतात. त्यांना पाहून संपाती गिधाडाला आयतं अन्न मिळाल्याचा आनंद होतो. पण मरायला बसलेल्यांच्या बोलण्यात जटायूचं, म्हणजे त्याच्या भावाचं नाव येतं. लंकेचा पत्ता मिळतो तो या बोलण्यातून. शोध लागला तो शोध सोडून दिल्यानंतर, आणि अंगदाची निराशा छाटली की ही गाठ सुटूनच जाते.

हनुमंताला आपल्या शक्तीचा विसर पडला होता तो शापामुळे का?

शापाची कथा उत्तरकांडात आहे (सर्ग ३६): लहानपणी तो ऋषींच्या आश्रमात धुडगूस घाली, म्हणून त्यांनी शाप दिला की कुणी आठवण करून देईपर्यंत तुला तुझं बळ कळणार नाही. किष्किंधाकांडात त्याचा उल्लेखसुद्धा नाही. तिथे हनुमंत नुसता एका बाजूला गप्प बसलेला आहे.

आधी उड्यांची मोजणी होते. गज म्हणतो दहा योजनं, गवाक्ष वीस. असं करत गंधमादन पन्नास, मैंद साठ, द्विविद सत्तर, म्हातारा जांबवान नव्वद. अंगद शंभर जाईन म्हणतो, पण परत येण्याची खात्री देत नाही. अंगदाला पाठवायला जांबवान नकार देतो, कारण तो तुकडीचा मुख्य आहे. आणि मग तो हनुमंताकडे वळून त्याच्या जन्माची, सूर्याकडे घेतलेल्या झेपेची आणि इंद्राच्या वज्राने हनुवटी मोडल्याची कथा सांगतो. हा प्रसंग रंगवायचा तर आकडे क्रमाने, सावकाश म्हणावेत. अंगदाच्या ‘परत येईन की नाही सांगता येत नाही’ या वाक्याशी थांबावं. शाप तिथे घुसडला तर जांबवानाच्या बोलण्याचं महत्त्व कमी होतं.

उड्डाणातले तीन अडथळे वेगवेगळे कसे सांगायचे?

तिघांना एकाच सुरात ‘संकट आलं, मारुतीने मात केली’ असं सांगणं ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. मैनाक पर्वत हा अडथळा नाहीच. समुद्राच्या सांगण्यावरून तो विश्रांती द्यायला वर आला आहे. हनुमंत आधी त्याला विघ्न समजून छातीने ढकलतो, मग खरा हेतू कळल्यावर हाताने स्पर्श करून मान राखतो आणि थांबायला मात्र नकार देतो. सुरसा ही देवांनी पाठवलेली परीक्षा. तोंडात शिरल्याशिवाय कुणी पुढे जायचं नाही असा तिला वर आहे. हनुमंत अंगठ्याएवढा होऊन आत शिरतो आणि बाहेर येतो, म्हणजे तिचा वरही खोटा पडत नाही. सिंहिका हा खरा हल्ला आहे. ती सावली पकडून ओढते. असा सावली धरणारा प्राणी दक्षिण समुद्रात आहे हे सुग्रीवाने आधी सांगितलेलं होतं. ते आठवल्यामुळेच हनुमंताला काय चाललंय ते कळतं, आणि तो तिच्या तोंडात शिरून मर्मं फाडून बाहेर पडतो.

यानंतर आकाशातले प्राणी त्याला जे म्हणतात ते पाठ करण्यासारखं आहे. धृती, दृष्टी, मती आणि दाक्ष्य (कामातलं कौशल्य) हे चार गुण ज्याच्यात आहेत तो कामात खचत नाही. या यादीत बळ नाही!

लंकेत त्याने शोध कोणत्या क्रमाने घेतला?

दिवसा तो शिरलाच नाही. अंधार पडेपर्यंत थांबला, मांजराएवढा झाला, लंकेच्या अधिष्ठात्री राक्षसीला डाव्या मुठीचा ठोसा देऊन आत गेला. मग प्रहस्त, कुंभकर्ण, बिभीषण वगैरे एकेकाची घरं, रावणाचा वाडा, पुष्पक विमान, अंतःपुर, पानभूमी (मद्यपानाची जागा). कुठेच सीता नाही. चित्रशाळा, लतागृहं, बोळ, विहिरी असं सगळं पुन्हा धुंडाळून झाल्यावर अशोकवन उरतं.

त्याआधीचा सुंदरकांडाचा १३वा सर्ग जपून हाताळावा. सीता न पाहता परतलो तर राम प्राण सोडेल, मग लक्ष्मण, मग भरत, शत्रुघ्न, तिन्ही माता, सुग्रीव, रुमा, तारा, अंगद, आणि शेवटी सगळे वानर, अशी मरणांची साखळी हनुमंत मनात मोजतो. तो स्वतःही मरणाचा विचार करतो. तिथून त्याला परत आणणारं वाक्य ‘जीवन् भद्राणि पश्यति’, जगलेला माणूस कधीतरी भलं पाहतो. ही साखळी भराभर म्हटली तर ती यादी होऊन बसते. प्रत्येक नावानंतर जागा सोडली तर सभागृह शांत होतं.

मंदोदरीला पाहून तो फसला, हा प्रसंग गाळावा का?

अजिबात नाही. झोपलेल्या मंदोदरीला सीता समजून हनुमंत आनंदाने दंड थोपटतो, शेपटीचं चुंबन घेतो, खांबावर चढतो-उतरतो (सर्ग १०). पुढच्याच सर्गात तो स्वतःची चूक स्वतः शोधतो. रामापासून दुरावलेली सीता झोपेल कशी, जेवेल कशी, दागिने घालेल कशी, मद्य पिईल कशी? म्हणजे ही ती नव्हे. पहिली ओळख रूपावरून केली म्हणून चुकली आणि दुरुस्त झाली ती वागणुकीवरून. परक्याच्या निजलेल्या स्त्रिया पाहिल्याचं पाप लागेल का, ही शंका त्याला इथेच येते. इंद्रियांच्या प्रवृत्तीचं कारण मन आहे आणि माझं मन ढळलेलं नाही, असं तो ठरवतो. मुलांसमोर सांगताना पानभूमीचं वर्णन आखडतं घ्यावं, चुकीची ओळख ठेवावी.

मग खऱ्या सीतेला त्याने कशावरून ओळखलं?

दागिन्यांवरून, आणि फार काटेकोरपणे (सर्ग १५). ऋष्यमूकावर सीतेने वरून टाकलेले दागिने आणि वस्त्र हनुमंताने पाहिलेलं होतं. आता तो दोन गोष्टी पडताळतो. जे दागिने खाली पडले ते हिच्या अंगावर नाहीत, आणि जे पडले नव्हते असं रामाने सांगितलं ते अजून आहेत. शिवाय मळलेलं असलं तरी हिचं वस्त्र त्या टाकलेल्या वस्त्राच्याच रंगाचं आहे. असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही खुणा जुळतात. शिंशपेच्या झाडाखालचा हा प्रसंग एका वाक्यात उरकला जातो, तो तसा उरकू नये. यासाठी किष्किंधेत दागिन्यांचं गाठोडं दाखवल्याचा प्रसंग (किष्किंधाकांड, सर्ग ६) आधी सांगून ठेवायला हवा. तो राहिला तर इथे मागे जाऊन खुलासा करावा लागतो आणि रंग जातो.

तो लगेच तिच्यासमोर का गेला नाही? अंगठी आधी का दिली नाही?

वाल्मीकीने याला अख्खा सर्ग दिला आहे (सर्ग ३०). एकदम पुढे गेलो तर ती किंचाळेल, राक्षसिणी धावतील, लढाई होईल, आणि दमल्यावर समुद्र ओलांडता येणार नाही. संस्कृतात बोललो तर ती मला रावण समजेल. म्हणून साध्या माणसांच्या बोलीत बोलायचं. तिने वेणीने गळफास घ्यायचा विचार केलेला आहे, म्हणून फार थांबूनही चालणार नाही.

यानंतरचा क्रम असा: झाडावरून हळू आवाजात रामकथा. सीता वर पाहते, वानर दिसतं, आणि स्वप्नात वानर दिसणं अशुभ म्हणून घाबरते. तो खाली उतरून विचारतो, तू कोण? तीच आधी आपली ओळख सांगते. तो जवळ सरकतो तशी तिची शंका वाढते, कारण रावण एकदा असाच वेष बदलून आला होता. मग ती विचारते: रामाच्या, लक्ष्मणाच्या अंगावरच्या खुणा सांग, आणि माणसांची वानरांशी मैत्री झाली कशी ते सांग. ३५व्या सर्गात तो सगळं सांगतो. त्यानंतर ३६व्यात अंगठी.

अंगठी आधी झाडावरून टाकणं हे तुलसीदासांच्या मांडणीतलं आहे. तिथे ते सुंदरही आहे, कारण सीता अशोकाकडे निखारा मागते आणि वरून अंगठी पडते. पण वाल्मीकीची कथा सांगत असाल तर अंगठी शेवटी. तिची शंका बोलण्याने फिटते आणि अंगठी त्यावर शिक्कामोर्तब करते. चोरीची अंगठी रावणाकडेही असू शकली असती.

हनुमंत तिला पाठीवर घेऊन का आला नाही?

त्याने विचारलं होतं. सीतेने नकाराची कारणं एकामागून एक दिली (सर्ग ३७). वेगाने मी समुद्रात पडेन. राक्षस पाठलाग करतील, लढताना मला सांभाळणार कसा? तूच सगळ्यांना मारलंस तर रामाची कीर्ती कमी होईल. आणि स्वतःहून मी परपुरुषाला स्पर्श करणार नाही, रावणाचा स्पर्श झाला तो बळजबरीने. यातलं फक्त शेवटचं कारण सांगायची प्रथा पडली आहे. पहिली दोन अगदी व्यवहारातली आहेत, आणि ती आधी आली की ही सीता विचार करणारी दिसते.

अशोकवन त्याने रागाने उद्ध्वस्त केलं का?

ठरवून केलं. सीतेचा शोध हे मुख्य काम झालं; आता ते न बिघडवता शत्रूचं बळ पाहून जाणं हे वरचं काम. मुख्य कामाला बाध न आणता जो आणखी कामं साधतो तोच खरा कार्यकर्ता, असा त्याचा हिशेब ४१व्या सर्गात आहे. म्हणून किंकर, जंबुमाली, मंत्र्यांचे सात मुलगे, पाच सेनापती, अक्ष, इंद्रजित अशी चढती श्रेणी येते. प्रत्येक लढाई सविस्तर सांगितली तर ऐकणारे दमतात. दोनच सांगा, अक्षाची आणि इंद्रजिताची. अक्षाच्या वेळी हनुमंताला त्या कोवळ्या पोराच्या शौर्याचं कौतुक वाटतं आणि मारायला जिवावर येतं, ते जरूर सांगा.

इंद्रजिताच्या प्रसंगात एक बारकावा सुटतो. ब्रह्मास्त्राने बांधलेल्या हनुमंताला राक्षस वरून दोऱ्यांनी बांधतात, आणि दुसरं बंधन पडताच अस्त्राचं बंधन गळून पडतं. इंद्रजिताला हे कळतं, राक्षसांना कळत नाही. हनुमंत मात्र रावणाला भेटायचं असल्यामुळे बांधलेलाच राहतो.

लंकादहन सांगताना काय राहून जातं?

त्याची भीती. शहर पेटवून झाल्यावर त्याच्या लक्षात येतं की सीताही जळाली असेल. ५५व्या सर्गात तो स्वतःला भरपूर दोष देतो, रागाच्या भरात ज्यासाठी आलो तेच घालवलं म्हणतो, आणि चारणांच्या तोंडून ती सुखरूप असल्याचं ऐकल्यावरच सावरतो.

परतल्यावर तो आधी काय सांगतो?

‘दृष्टा’. पाहिली. महेंद्र पर्वतावर वाट पाहणाऱ्यांना तो थोडक्यात देवीला पाहिल्याचं सांगतो, सविस्तर वृत्तांत नंतर. मधुवनात, म्हणजे सुग्रीवाच्या बागेत, वानरांनी केलेली धमाल त्यापुढची. बागेचा राखणदार दधिमुख तक्रार घेऊन येतो तेव्हा सुग्रीव तर्क करतो की काम झाल्याशिवाय हे माझ्या राखीव बागेला हात लावणार नाहीत. रामासमोर पुराव्यांचा क्रम पुन्हा महत्त्वाचा. सीतेने खूण म्हणून दिलेला चूडामणी, केसांतला मणी, हा दिसणारा पुरावा. चित्रकूटावरच्या कावळ्याची कथा आणि रामाने तिच्या गालावर मनःशिळेचा टिळा लावल्याची आठवण हे न दिसणारे पुरावे, जे फक्त त्या दोघांनाच ठाऊक होते. मणी चोरता येतो, या आठवणी चोरता येत नाहीत.

कोणत्या गोष्टी वाल्मीकीत नाहीत आणि तरी त्याच्या नावावर खपतात?

डासाएवढं रूप तुलसीदासांचं, वाल्मीकीचा हनुमंत मांजराएवढा. बिभीषणाने हनुमंताला सीतेचा ठावठिकाणा सांगणं हेही तुलसीदासांचं. वाल्मीकीत तो एकट्याने शोधतो. रावणाने दिलेली मुदत वाल्मीकीत दोन महिने उरलेली आहे, तुलसीदासांकडे एक महिना. शेपटीचं वेटोळं करून रावणापेक्षा उंच बसणं वाल्मीकीत नाही. मराठीत एकनाथांच्या भावार्थ रामायणातून सांगत असाल तर सुंदरकांड पूर्ण नाथांचंच आहे, हे बिनधास्त सांगा. नाथांची रचना युद्धकांडाच्या ४४व्या अध्यायापर्यंत आहे, पुढचं त्यांचा शिष्य गावबा याने पूर्ण केलं. परंपरा मिसळायला हरकत नाही, पण कुठली ओळ कुणाची ते सांगणाऱ्याला ठाऊक हवं.

पाश्चात्त्यांचा ‘नायकाचा प्रवास’ हा आराखडा इथे लागू पडतो का?

जोसेफ कॅम्पबेल यांनी १९४९ मध्ये मांडलेले तीन टप्पे, प्रस्थान, दीक्षा आणि पुनरागमन, वरवर बसतात. जांबवान मार्गदर्शक, समुद्र उंबरठा, मधुवन पुनरागमनाचा आनंद. अडचण अशी की ज्याचं माणूस हरवलं आहे तो राम शोधायला जात नाही आणि जो जातो त्याला स्वतःसाठी काहीच मिळवायचं नाही. हनुमंत दूत आहे. त्याचं यश निरोप बरोबर पोचण्यात आहे. लेखन शिकवणाऱ्यांनी हा आराखडा वापरावा, पण हनुमंताचं ‘अंतर्गत परिवर्तन’ शोधत बसू नये.

शंभर योजनं म्हणजे किती किलोमीटर?

योजनाचं माप ग्रंथागणिक बदलतं. आठ किलोमीटर धरलं तर ८००, तेरा धरलं तर १,३००. रामेश्वराकडून श्रीलंकेचं अंतर त्याच्या कितीतरी कमी आहे. कथेत हा आकडा अंगदाच्या उडीच्या टोकाला नेमका ठेवलेला आहे. कथा सांगताना योजनंच ठेवा.

किती बैठकांत सांगावी?

तीन बैठका सोयीच्या, प्रत्येकी सव्वा ते दीड तास. पहिली अंगठीपासून जांबवानाच्या बोलण्यापर्यंत. दुसरी उड्डाणापासून सीतेने अंगठी हाती घेईपर्यंत. ही सर्वांत भरगच्च, म्हणून लंकेची वर्णनं इथेच कापावीत. तिसरी चूडामणीपासून रामाच्या भेटीपर्यंत. नारदीय कीर्तनात उत्तररंगाला, म्हणजे कथाभागाला, तासभरच मिळत असेल तर सर्ग १३ ते ३६ एवढंच आख्यान घ्यावं आणि पूर्वरंगाला, म्हणजे आधीच्या निरूपणाला, धृतीचा विषय लावावा. उड्डाण आणि लंकादहन दोन्ही सुटलं तरी आख्यान पुरं होतं. उलट ती दोन्ही घेऊन अशोकवन पंधरा मिनिटांत बसवलं की सीता अंगठी पाहून एकदम विश्वास ठेवते असं होतं, आणि मग श्रोत्यांमधून हमखास विचारलं जातं की तिने त्या वानरावर इतक्या लवकर भरवसा ठेवला कसा.